दोघांचं इंजेक्शन

"तुमचं रक्त व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आलं आहे," वर्ध्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. व्हीडीआरएल म्हणजे सिफिलिसची, उपदंशाची रक्ततपासणी. हा आजार शरीरसंबंधातून लागतो. नातवंडांनो, ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती आणि तुमची आई माझ्या पोटात होती. तिला विचारूनच हे लिहिते आहे.

मला ना पुरळ, ना जखम. रिपोर्ट चुकला असेल असं वाटलं. पुन्हा रक्त दिलं, तेच आलं.

"पेनिसिलिननं बरं होतं," बाई म्हणाल्या. "पण उपचार दोघांचा हवा. तुमचे यजमान उपचाराविना राहिले तर तुम्हाला पुन्हा लागण होईल, नाळेतून बाळाला जाईल. बाळ दगावूही शकतं."

तुमचे आजोबा हिंगणघाटला रुईच्या गाठींचा व्यापार करत. हंगामात सोबत्यांबरोबर हैदराबादेकडे जात, लॉजवर उतरत. तिथं दारू असे. आणखी काय असे, ते कुठलीच बायको विचारत नसे. हळदीकुंकवाला मी त्या सोबत्यांच्या बायकांकडे पाहत राही. हिच्याही रक्तात असेल का?

आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "तू नागपूरले होस्टेलात होती नं?"

लग्नाआधी मी तिथं शिकायला होते, त्यावरून संशय माझ्यावरच! मला रडू नाही, राग आला. दुसऱ्या दिवशी ते नरमले. "घेतो मी सुई. कंपाउंडर ओळखीचा हाय. दवाखान्यात कोनी पाह्यलं तं?"

घेतली, असं त्यांनी सांगितलं. माझाही उपचार झाला. पण पुढच्या तपासणीत टायटर, म्हणजे रक्तातल्या त्या खुणेचं प्रमाण, उतरण्याऐवजी चढलेलं होतं. बाईंनी एवढंच विचारलं, "त्यांना इंजेक्शन घेताना तुम्ही पाहिलंत?"

नव्हतं पाहिलं.

सातव्या महिन्यात ओटी भरून लेकीला माहेरी न्यायची आपली रीत. अल्लीपूरहून माझे वडील न्यायला आले. मी गेले की आजोबा दवाखान्याची पायरी चढणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी निघायला नकार दिला.

"काऊन वो?" सासूबाई कडाडल्या. "बापाघरी जायाले पोरी नाचतात, आन इचा पाय निघून नाई राह्यला! कॉलेजात हेच शिकवलं काय?"

वडील कपातल्या चहाकडे पाहत राहिले. मी आजोबांकडे बोट करून म्हटलं, "कारण हे सांगतील."

आजोबांचा चेहरा उतरला. चपला घालत ते माझ्या वडिलांना म्हणाले, "डॉक्टरीणनं एकदा बोलावलं हाय, मामाजी. वर्ध्याले जाऊन येतो आमी."

नर्सनं सुई भरली तेव्हा मी पडद्याच्या आत उभी होते. "तू बाहीर थांब नं," आजोबा म्हणाले. मी हलले नाही. माझाही उपचार पुन्हा सुरू झाला.

एस.टी.त त्यांनी सांगितलं, की कंपाउंडरला आजाराचं नाव सांगायची लाज वाटली. 'अशक्तपणा हाय' म्हटलं, त्यानं ताकदीची सुई दिली. हे खरं की सुई घेतलीच नव्हती, मला आजही माहीत नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर कोणामुळे झालं हे भांडण मागून करा. आधी दोघं तपासा, दोघं उपचार घ्या, आणि एकमेकांच्या शब्दावर विसंबून राहू नका.

तुमची आई धडधाकट जन्मली. तिचं रक्त काही महिन्यांनी पुन्हा तपासलं. बाई हसून "स्वच्छ" म्हणाल्या, तेव्हा मी त्यांचे दोन्ही हात धरले.

बाहेर आल्यावर आजोबांनी हळूच विचारलं, "आता तं बसला नं माह्यावर भरोसा?"

"रिपोर्टवर बसला," मी म्हटलं, आणि लेकीला त्यांच्या हातात दिलं.