लॉगमध्ये घड्याळाची वेळ हवीच

मंडळी, आज पोशीरला घरी लेक सर्किट बोर्डाचा लॉग तपासताना वैतागली. वीज गेली, आली आणि नोंदींची वेळ पुन्हा शून्य सेकंदापासून सुरू. फोनवर तिचे साहेब म्हणाले, "डीफॉल्ट सेटिंगच तसं आहे, हात लावू नकोस."

माझं डोकंच फिरलं. ऐंशीच्या दशकात रसायनीच्या कारखान्यात आमच्या यंत्राचा कंट्रोलरही वीज आल्यापासूनचे सेकंदच छापायचा, 'बिघाड, १२ सेकंद'. एकदा तिथल्या साहेबांनी बिघाडाचं खापर माझ्या पाळीवर फोडलं. मी छापील कागदाची गुंडाळीच टेबलावर उलगडली. दरवेळी वीज आल्यावर मी तिथे पेन्सिलीने घड्याळाची वेळ लिहिली होती. बिघाड दुसऱ्याच पाळीतला निघाला!

लेकीला म्हटलं, "बदल गं ते. उद्या तुझ्यावर आलं तर डीफॉल्ट बोलायला येणार नाय."

तिने बदललं. आता तिच्या साहेबांचा फोन येतोय. मीच उचलू ना?