आरतीतला तोल

खंडेनवमीची आरती रंगात आली होती. कारखान्यातल्या लेथ यंत्रांना झेंडूच्या माळा, सगळ्यांचे हात जोडलेले, डोळे मिटलेले. तेवढ्यात शेजारचा सोपान फिटर धाडकन माझ्या अंगावर कोसळला.

वर्क्स मॅनेजरसाहेब कडाडले, "डॉक्टर, हा पिऊन आलाय. तुम्ही लिहून द्या, आजच घरी बसवतो."

पन्नासच्या दशकातली गोष्ट. दारूबंदी कडक. माझ्या एका ओळीवर सोपानची नोकरी जाणार होती, वर पोलीस केस. आणि मी पिंपरीच्या त्या कारखान्याचा नवा कोरा डॉक्टर, स्वतःच्या हुशारीवर भलताच खूश.

मी सोपानचं तोंड हुंगलं. तंबाखूशिवाय कसलाच वास नव्हता.

"माळकरी हाय मी, डाक्टरसाहेब," तो रडवेला झाला. "दारूला शिवत न्हाई. सकाळी तोंड धुतानाबी असाच तोल जातोय."

"माळ घालून पिणारे पुष्कळ पाहिलेत," साहेब म्हणाले.

मी त्याला बाकावर निजवलं, डोळे मिटायला लावले आणि त्याच्या पायाचा अंगठा वर उचलला. "वर केला का खाली?"

"हात लावला व्हय तुमी?"

मला रोग सापडला! मी साहेबांपुढे व्याख्यानच झोडलं. "पाय कुठे आहे, ही खबर नसांमधून सतत मेंदूकडे जाते. मग मेंदू स्नायूंना हुकूम सोडतो, जरा डावीकडे, जरा मागे. म्हणून आपण उभे राहतो. याच्या पायांची खबर वर पोचत नाही. हा डोळ्यांनी बघून भागवतो. डोळे मिटले की कारभार आटोपला."

साहेबांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मग मला प्रात्यक्षिकाची हुक्की आली.

"आता निरोगी माणूस बघा. पाय जुळवले, डोळे मिटले, आणि हा असा खांबासारखा..."

पुढचं मला आठवत नाही. नवरात्राचे उपास मी निव्वळ चहावर रेटत होतो, एवढंच विसरलो होतो. शुद्धीवर आलो तेव्हा माझं डोकं सोपानच्या मांडीवर होतं आणि तो टोपीने वारा घालत होता.

साहेब वाकून माझं तोंड हुंगत होते.

"काही नाही," ते सरळ होत म्हणाले. "न पिताही माणूस पडतो, हे पटलं बुवा."

सोपानची नोकरी वाचली. पुण्याच्या दवाखान्यात उपचार सुरू झाले, कारखान्यात बसून करायचं काम मिळालं. माझ्या व्याख्यानाचा त्यात काडीचाही हातभार नव्हता.

पुढच्या खंडेनवमीला तो कामाच्या टेबलाला बसवलेला लोखंडी व्हाइस घट्ट धरून, डोळे उघडे ठेवून आरतीला उभा राहिला. माझ्यासाठी मात्र त्याने आठवणीने स्टूल आणून ठेवलं होतं. तेव्हापासून मी प्रात्यक्षिक करायचं झालं तर आधी जेवून घेतो.