वावटळीला काय म्हणतात

माझी मुलगी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या एका लहानशा गावात डॉक्टर आहे. मी निवृत्त झाले तेव्हा बेंगळुरूमधलं बनशंकरीचं घर बंद करून दोन महिने तिच्याकडे राहिले. गावात बरीचशी वस्ती तिथल्या मूळ रहिवाशांची. दवाखान्यात त्यांच्यातलीच एक बाई काम करायची. म्हाताऱ्या पेशंटचं बोलणं मुलीला समजावून सांगायची. तिला चार भाषा येत होत्या. पोरं तिला आदराने आंटी म्हणत. मी अक्का म्हणायला लागले, तर तेही तिला आवडलं.

आठवड्यातून एकदा अक्का शाळेत तिच्या आईची भाषा शिकवायची. लहानपणी त्याच शाळेत ती भाषा बोलल्याबद्दल तिला शिक्षा व्हायची, हे तिने मला वाटेत अगदी साधेपणाने सांगितलं. त्या दिवशी मीही वर्गात बसले. वर्ग म्हणजे झाडाखालची लाल माती. अक्का बोटांनी पक्ष्यांच्या पावलांचे ठसे काढायची, मुलं नावं सांगायची.

तेवढ्यात मैदानावरून धुळीचा एक भोवरा गरगरत गेला. याला काय म्हणतात, असं एका मुलीने विचारलं. अक्का म्हणाली, "मला आठवत नाही. चला, विचारून येऊ."

सगळ्यांना गाडीत घालून ती गावाबाहेर राहणाऱ्या तिच्या मावशीकडे गेली. मावशी फार म्हातारी, डोळ्यांनी अधू. तिने शब्द सांगितला. अक्काचा उच्चार चुकला, तो मावशीने दोनदा दुरुस्त केला. मुलांसमोर आपली चूक निघते आहे याचं अक्काला काहीच वाटलं नाही. नीट जमेपर्यंत ती म्हणत राहिली.

मग मावशीने अक्कामार्फत मला विचारलं, तुमच्यात काय म्हणतात? माझ्या तोंडून पटकन निघालं, "सुंटरगाळी." तो कानडी शब्द. माझी मलाच लाज वाटली. तीनशे वर्षं बेंगळुरूत राहिलेली आमची मराठी. त्यात 'थोडं'ला स्वल्प, 'बरं'ला सरी, असं कानडी इतकं मिसळलेलं, की पुण्याचे नातेवाईक हसतात. म्हणून मी त्यांच्यासमोर इंग्रजीतच बोलते. हे सगळं मी अक्काला सांगितलं. बोलता बोलता आईचा शब्द आठवला. वावटळ.

अक्का म्हणाली, "दोन्ही सांग. दोन्ही तुझेच आहेत."

मुलांनी दोन्ही शब्द म्हटले. 'ळ' त्यांना सहज जमला, त्यांच्या भाषेतही तसा आवाज आहे. मावशीलाही. तिने वावटळ हा शब्द चार-पाच वेळा म्हणून पाहिला आणि हसली.

बेंगळुरूला परत आल्यावर पुण्याच्या नणंदेचा फोन आला. प्रवास कसा झाला, तिने विचारलं. मी मराठीतच सांगायला लागले, अगदी घरी बोलते तशी. मध्येच ती हसली. मी स्वल्प थांबले, आणि पुढे सांगत राहिले.