वहिनींच्या हातची वांगी

वाशीच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी तिथल्या लोकांनी मला आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात घर नेमकं कुठल्या बाजूला तेही. मला वाटलं, काय ही आपुलकी! दुपारी सगळे डबे टेबलाच्या मधोमध यायचे. माझ्या झाकणावर सगळ्यांच्या भाज्या, माझ्यातलं मात्र कोणी घेईना. "अगं, तुलाच पुरायचं नाही." मी अशी बावळट की घरी कौतुकाने सांगितलं. आई नुसती "हं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून मोठा डबा द्यायला लागली. तरी "तुलाच पुरायचं नाही" चालूच.

शेजारी बसणाऱ्या साताऱ्याच्या सहकाऱ्याचा डबा अगदी माझ्यासारखाच होता. एकदा अदलाबदल झाली. त्याने उघडून मध्ये ठेवलेल्या भरल्या वांग्यांवर सगळे तुटून पडले. साहेबांनी तर मसाला बोटाने पुसून खाल्ला. "वहिनींच्या हाताला काय चव आहे!"

तो गोंधळला. "पण तिने तर दोडका दिला होता."

मी माझ्या पुढ्यातला डबा उघडला. दोडकाच. म्हटलं, "ती वांगी माझ्या आईची."

 मग एकेकाला साहेबांनी बोलावलेली मीटिंग आठवली आणि टेबल रिकामं झालं. साहेब माझ्यासमोरच बसले होते, बोट तोंडात.