गांजाच्या मेळ्यातला कढीपत्ता

भेटले की काका आधी खिशातून कढीपत्त्याचं एक पान काढायचे, बोटांत चुरगळायचे आणि बोटं थेट समोरच्याच्या नाकाखाली धरायचे. "घे, वास घे." ख्यालीखुशाली त्यानंतर. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला नमस्कारापेक्षा स्वतःची रीत प्यारी. अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात ते माझ्या वरच्या मजल्यावर राहत. मूळचे अमरावतीचे, आयटीतून निवृत्त झालेले, सुपारीचंही व्यसन नसलेले.

ती पानं ज्या झाडाची, ते काकूंनी कुंडीत बी पेरून वाढवलेलं. काकू गेल्या आणि त्याच हिवाळ्यात ते पिवळं पडू लागलं. आपल्या मंडळींनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. आंबट ताक घाला, हळदीचं पाणी घाला. काकांनी सगळं घातलं. उन्हाळा आला तरी झाड सावरेना. "हे गेलं तर ही दुसऱ्यांदा जाईल," ते जिन्यात मला म्हणाले.

मग एका सकाळी कुंडी कवटाळून ते माझ्या दारात उभे. पार्कात दर वर्षी गांजाप्रेमींचा मेळा भरतो, तिथे जायचं म्हणाले. मला वाटलं, दुःखानं माणूस वाया गेला. त्यांनी शांतपणे समजावलं, "या देशात सूर्याशिवाय झाड जगवणारे हेच लोक आहेत. डॉक्टर सोडून वैदूकडे कशाला जायचं?"

मीही गेले. मेट्रोत लोक आधी कुंडीकडे पाहत, मग काकांच्या कडक इस्त्रीच्या शर्टाकडे. मैदानावर धूर, ढोल आणि गवतावर पसरलेली माणसं. एका तंबूत दाढीची वेणी घातलेला एक बागवाला बसला होता. त्यानं भिंगातून पान पाहिलं, मातीत बोट खुपसलं. आणखी तिघे-चौघे जमले आणि आयसीयूच्या दाराशी चालावी तशी हलक्या आवाजात चर्चा चालली. निदान एकच, पाणी फार झालंय. ताकाचं ऐकून तर त्यानं कपाळावर हात मारला. दिवा कसला, किती उंचीवर लावायचा, सगळं नीट सांगितलं. काकांनी फी म्हणून पान चुरगळून त्याच्या नाकाखाली धरलं. एवढ्या धुरातही त्यानं डोळे मिटले आणि "लेकर" म्हणाला, म्हणजे डचमध्ये झकास.

तिथे आम्हाला कुणीतरी पाहिलं. संध्याकाळपर्यंत मराठी मंडळात बोभाटा, की काका नादी लागले आणि मलाही लावलं. काका खुशीत होते. आता कुणी ताक सुचवायला येणार नाही, म्हणाले.

झाड जगलं. तेव्हापासून दर वर्षी काका कुंडी तपासणीला नेऊ लागले.

गेल्या हिवाळ्यात ते कायमचे अमरावतीला भावाकडे गेले. कुंडी विमानात नेता येईना, म्हणून माझ्याकडे आली. "जीव लाव, पण पाणी बेतानं घाल," एवढंच बजावलं. भावाच्या अंगणात कढीपत्ता छपराच्या वर गेलाय. तरी रविवारी फोन आला की आधी कुंडीची चौकशी होते, मग माझी.

यंदा मी एकटीच कुंडी घेऊन मेळ्याला गेले. दाढीवाल्यानं मला ओळखलं नाही, कुंडीला ओळखलं. काका कुठे, म्हणाला. घरी परत गेले, मजेत आहेत, मी सांगितलं. त्यानं कुंडी जवळ ओढली. मग नव्या फुटीतलं एक पान तोडून त्यानं चुरगळलं, बोटं माझ्या नाकाखाली धरली आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "घे, वास घे."

मी घेतला. डोळे भरून आले, लाल झाले. त्या मैदानात त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही.