सावडीतला मायक्रोस्कोप

सेलूच्या फलाटावर उतरले तेव्हा माझ्या हातात एक बॅग होती आणि डोक्यात निकाल पक्का होता: मशीन परत न्यायचं.

निकाल देण्याचं काम माझ्याकडेच होतं. पुण्याला आमच्या संशोधन संस्थेत मी वर्षानुवर्षं एका इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची देखभाल केली. साध्या मायक्रोस्कोपची नजर जिथं संपते, तिथून याची सुरू होते. त्यात प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत असतो आणि त्या झोताला वाटेत हवा अजिबात खपत नाही, म्हणून मशीनच्या पोटातली हवा आधी पंपाने उपसून काढावी लागते. नवं मशीन आल्यावर आमचं जुनं कोपऱ्यात पडलं. तेवढ्यात सेलूच्या एका निवृत्त शिक्षिकेने ते मागितलं आणि आमच्या संचालकांनी देऊनही टाकलं. अट एकच होती. चालवून दाखवायचं, नाहीतर ते परत येऊन भंगारात जाईल. वर्ष होत आलं तरी ते चाललं नव्हतं. "जाऊन बघा आणि संध्याकाळी फोन करा. तुम्ही म्हणाल ते शेवटचं," असं संचालकांनी मला सांगितलं होतं.

खरं सांगायचं तर ते दिलं तेव्हाच माझ्या कपाळाला आठी पडली होती. मी वस्तूंच्या बाबतीत फार चिकट बाई आहे. माझं एक भिंग आहे, छोटंसं, पितळी कड्याचं. त्याच्या डब्यावर माझं नाव कोरलेलं आहे आणि त्याला हात लावायची संस्थेत कुणाची बिशाद नाही. अशा माणसाने आपलं मशीन गावकीच्या हाती बघायचं म्हणजे काय, याची कल्पना करा.

"शुभदाताई ना? चला, चहा निवायलाय," असं म्हणत एका उंच, सडसडीत बाईंनी माझी बॅग काढूनच घेतली. या उज्ज्वलाबाई. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, आता स्कूटर चालवतात आणि बोलता बोलता वळून बघतात, त्यामुळे मागे बसणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. थंडीचे दिवस होते. बाजार समितीच्या रस्त्यावर कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या शेड आपल्या आवाजात घुमत होत्या, हवेत तंतू तरंगत होते, आणि मुक्कामी पोचेपर्यंत माझी काळी शाल पांढरी झाली.

मुक्काम म्हणजे खटपटघर. मोठ्या शहरांत ज्याला हॅकरस्पेस म्हणतात ते हेच. यंत्रं सगळ्यांची, ज्याला जे करून बघायचं त्याने येऊन बघावं. हे एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आहे. आत शिरले आणि माझा पक्का निकाल जरा डळमळला. एका बाजूला लेथ, शेजारी प्लास्टिकचे सुटे भाग छापणारा थ्रीडी प्रिंटर, पलीकडे रंगावरून द्रावण ओळखणारा स्पेक्ट्रोमीटर, आणि त्यावर कुणीतरी स्वेटरच्या लोकरीचं विणलेलं झाकण घातलेलं!

"हे सगळं सावडीनं चालतं," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. सावड (एकमेकांच्या कामाला हात लावायची रीत) म्हणजे, एकाकडे एकच बैल, दुसऱ्याकडेही एकच, तर दोघांनी जोडी करून आधी याचं शेत नांगरायचं, मग त्याचं. "इथं बैलाऐवजी यंत्रं. जो वापरील त्यानं दुसऱ्याच्या यंत्राला हात लावायचा. नुसतं वापरून जाता येत न्हाई."

"आणि मोडलं तर?"

"मोडलं की सगळे येतात. लय मजा येते."

माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात कोपऱ्यात माझं मशीन दिसलं. कपाळी हळदीकुंकू, गळ्यात झेंडूची वाळलेली माळ.

"याला कुंकू कुणी लावलं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"दसऱ्याला पूजा केली की. पण बाहेरूनच हं, आत बिलकुल न्हाई. तुमच्याकडं करत नव्हते?"

"आमच्याकडे कुलूप लावत होतो."

त्या खळखळून हसल्या. मी मात्र बटणं, नळ्या, तारा तपासायला लागले आणि थक्क होत गेले. पंपाला गार पाण्याचा पुरवठा लागतो. आमचं पाणी गार करणारं यंत्र मेलं होतं, म्हणून यांनी डेझर्ट कूलरच्या टाकीतून ठिबकच्या नळ्या फिरवल्या होत्या आणि पाणी खरंच गार होतं. वायरींची दुरुस्ती तर मी केली असती त्याहून नेटकी होती. मग अडत काय होतं? पंप दिवसभर चालायचा, पण आतली हवा हवी तितकी उतरायची नाही, आणि हवा उतरल्याशिवाय मशीन झोत सोडायचं नाही. म्हणजे कुठूनतरी आत हवा झिरपत होती. झिरपणारी जागा शोधायची तर आधी व्हॅक्यूम किती झाला ते दाखवणारं गेज हवं. मशीनवरचं गेज काढलेलं दिसलं.

"गेज कुठंय?"

"जिंतूरला गेलंय," उज्ज्वलाबाई शांतपणे म्हणाल्या. "मीराकडं. सावडीत."

मशीनचा डोळा काढून गावाला पाठवलाय, असं मी बोललेही. बाईंनी ते मनावर घेतलं नाही. माझ्या हातात शेंगदाण्याची चटणी आणि भाकरीची पुरचुंडी दिली आणि मला जिंतूरच्या एसटीत बसवून दिलं.

एसटीने मला तीनदा सीटवरून उडवलं. पण खिडकीबाहेर बघण्यासारखं मायंदाळ (भरपूर) होतं. पिवळ्या फुलांनी लगडलेली तूर, वेचणी चाललेलं पांढरं रान, आणि जिंतूर जवळ येईल तशा वर सरकणाऱ्या टेकड्या. शेजारच्या आजींनी विचारलं, "कुणाकडं जायलाव?" मी म्हटलं, "गेज आणायला." त्यांनी मान डोलावली, जणू मी माहेरी चालले होते.

मीरा स्टँडवर उभी होती. शेतकीची पदवी घेऊन घरच्या सोयाबीनची शेती बघणारी तिशीची बाई, डोक्याला स्कार्फ, हातात स्टीलचा डबा. पहिलं वाक्य तिने असं टाकलं की मी तिथेच बाकावर बसले.

"ताई, रागवू नका. गेज माझ्याकडं न्हाई. मी त्यावर बियाणं वाळवायचं यंत्र तपासलं, आन् मग मामा घेऊन गेला. येलदरीला."

"आणि मामाने पुढे कुणाला दिलं?"

"न्हाई न्हाई, मामाकडंच हाय. फोन केलाय."

मग तिने डबा उघडून दाखवला. टिपकागदाच्या घड्यांमध्ये सोयाबीनची वाळवलेली पानं. पानांवर करडे ठिपके, साध्या मायक्रोस्कोपखाली नुसता धुरळा दिसणारे. "दोन हंगाम झाले, हे पडायलंय. कुणी बुरशी म्हणतंय, कुणी किडीची विष्ठा. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. तवाच कळंल काय करायचं." थोडं थांबून तिने विचारलं, "मशीन परत जाणार का हो?"

"चाललं नाही तर जाणार," मी म्हटलं. खोटं बोलणं मला जमलं नाही. तिने डबा नीट बंद केला आणि स्कूटी सुरू केली.

येलदरीपर्यंतचा रस्ता टेकड्यांतून वळतो आणि एका वळणावर पूर्णेचं अडवलेलं पाणी अचानक समोर येतं. एवढं निळं पाणी मराठवाड्यात बघायची डोळ्यांना सवय नसते. मी "थांब, थांब!" म्हणून मीराला थांबवलंच. खाली धरणाची भिंत, वीजघर, काठाला ओढून ठेवलेल्या होड्या. मशीन, संचालक, निकाल, सगळं मी तेवढा वेळ विसरले.

मीराचे विठ्ठलमामा धरणात मासेमारी करतात. मासे चांगले वाळावेत म्हणून त्यांनी खटपटघराच्या मदतीने एक निर्वात वाळवणी पेटी केली आहे. लोखंडी पिंप, दाराला रबरी कडं, आणि डोक्यावर माझं गेज! मी ते काढायला हात पुढे केला.

"आं हां," मामा म्हणाले. "आधी जेवा. मग सावड करा. मंग न्या."

"कसली सावड?"

"माझी पेटी दम धरत न्हाई. तुमी पुण्याच्या मानूस, बगा जरा. हात लावल्याबिगर कसं न्यायचं?"

मरळीचं झणझणीत कालवण आणि ज्वारीची भाकरी खाताना माझा घुस्सा निम्मा उतरला. उरलेला मी त्या पिंपावर काढला. दार उघडलं, पिशवीतून भिंग काढलं आणि रबरी कड्यावरून नजर फिरवली. एका ठिकाणी चमकलं. माशाचं एक खवलं, नखाएवढंही नाही, रबराला चिकटून बसलेलं. तेवढ्या फटीतून सगळी हवा आत येत होती. खवलं काढलं, रबर स्वच्छ ओल्या फडक्याने पुसलं, पंप लावला आणि काटा सरसर खाली गेला. मामांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की भिंग हातातून पडता पडता वाचलं.

"रबर कशाने पुसता तुम्ही?" मी विचारलं.

"मासे काढलेले हात ज्यानं पुसतो, त्याच फडक्यानं."

गेज घेऊन निघालो. त्याला सुक्या मासळीचा असा वास मारत होता की परतीच्या एसटीत माझ्या आसपास कुणी बसेना. मीराही डबा मांडीवर घेऊन सोबत आली. तिला सेलूला यायचंच होतं, आज नाहीतर कधीच नाही, असं ती म्हणाली. मामांचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. ज्याच्या हाताला जे असतं, तेच त्याच्या रबरावर सापडणार. जिंतूर मागे पडलं, पुन्हा पांढरं रान सुरू झालं, माझ्या शालीवर पुन्हा तंतू बसू लागले, आणि मी एकदम ताठ झाले.

खटपटघरात शिरताच मी उज्ज्वलाबाईंना विचारलं, "मशीनच्या दाराचं रबर कशाने पुसता?"

"कापसानं," त्या अभिमानाने म्हणाल्या. "रोज. सेलूत कापसाला काय तोटा? चांगला सरकी काढलेला, पांढराशुभ्र."

मी दार उघडलं, भिंग डोळ्याला लावलं. काळ्या रबरावर एक तंतू आडवा पडला होता. इतका बारीक की नुसत्या डोळ्यांना सहज दिसलाच नसता. ज्या प्रेमाने त्या रोज पुसत होत्या, त्याच प्रेमाने तो रोज नवा ठेवला जात होता. उज्ज्वलाबाईंनी भिंगातून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं माय! म्हणजे आमीच?"

मी तो तंतू चिमट्याने उचलून एका छोट्या धातूच्या चकतीवर ठेवला. टाकून द्यावासा वाटला नाही. रबर तंतू न सोडणाऱ्या कागदाने पुसलं, स्पिरिटने धुतलेलं गेज बसवलं, पंप सुरू केला. आम्ही तिघी काट्यासमोर बसलो. काटा उतरत गेला, एका ठिकाणी रेंगाळला, मीराने माझा दंड घट्ट धरला, आणि काटा पुन्हा उतरू लागला. तेवढ्यात वीज गेली. पण कूलरशेजारचा इन्व्हर्टर कण्हत सुरू झाला आणि काटा आपला उतरतच राहिला. अखेर तो हिरवा दिवा लागला, जो मी इतक्या वर्षांत हजारदा बघितला असेल. या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवायचं कशाला?

पहिलं चित्र त्या तंतूचंच घेतलं. पडद्यावर पीळ पडलेली एक रुंद, चपटी फीत उमटली, कडेला सुरकुत्या, मध्ये खळगी. कापसाच्या गावात जन्म काढलेल्या उज्ज्वलाबाई पडद्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "असा असतो होय हा?" मग मीराने डबा उघडला. तिच्या पानावरचे ठिपके मोठे होत होत गेले आणि दिसले माळेत ओवल्यासारखे गोल बीजाणू, त्यांच्याखाली धाग्यांचं जाळं. "बुरशी," मीरा हळूच म्हणाली. मग मोठ्याने, "बुरशीच हाय! मी म्हणत होते!" आणि तिने मला मिठी मारली. मासळीचा वास आम्हा दोघींनाही येत होता.

मी तिथूनच संचालकांना फोन लावला. "चालतंय का?" त्यांनी विचारलं.

"चालतंय. आणि सर, ते आता इथलंच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसवायला दोघी आल्या. मीरा म्हणाली, मासे वाळवायला गेज आजच मामाकडे परत जायचं आहे, तोवर मशीनला दुसरं गेज शोधू. मग उज्ज्वलाबाई जराशा संकोचून म्हणाल्या, "ताई, रबर बघायला आमच्याकडं असं भिंग न्हाई. आन् तुमी मशीन वापरलं, तर तुमची सावड..."

मी भिंग डब्यातून काढलं. क्षणभर हातात तसंच धरलं. मग दिलं. गाडी हलली तेव्हा लक्षात आलं, डबा माझ्याकडेच राहिला.

आजवर मला वाटायचं की यंत्र टिकतं ते त्याला कमी हात लागतात म्हणून. सेलूत वर्षभरात त्याला किती हात लागले कोण जाणे, आणि तरी ते जिवंत राहिलं, कारण एकही हात नुसता वापरून निघून गेला नव्हता. कापसाने पुसणारे हातसुद्धा त्याला जपतच होते. हे समजायला मला एवढा प्रवास करावा लागला.

परवा मीराचा फोन आला. "ताई, भिंग सेलूत न्हाई आता. मामानं पेटीच्या रबरासाठी नेलंय. चालतंय ना?"

रिकामा डबा माझ्या टेबलावर आहे. काल एका सहकाऱ्याने बिचकतच विचारलं, तुमचं भिंग मिळेल का जरा. आयुष्यात पहिल्यांदाच मी हसून सांगितलं, "येलदरीला गेलंय."