पाकीट दोघांचं असतं

आमच्या एचआयव्ही केंद्रात कुणाचं काही बाहेर बोलायचं नाही, म्हणून किस्से पोटात साठत जातात. मी तिथे समुपदेशक. नावं बदलून सांगते, नाहीतर फुटेन मी!

आमच्याकडे बायकांना गुप्तरोगाचा संसर्ग बरा होऊन परत परत होतो. कारण बहुतेक वेळा एकच. बायको औषध घेते, नवरा घेत नाही. म्हणून आम्ही गोळ्यांची दोन पाकिटं देतो.

एकजण तिसऱ्यांदा आली नि म्हणाली, “ताई, रात्री सराफा बाजारात जाऊन चाट खायचे, ती पण बंद केली, तरी परत झालं!” आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “चाट खा गं बाई. नवऱ्याला घेऊन ये!”

दुसरीने तर दोन्ही पाकिटं स्वतःच संपवली! “हे घेतच नव्हते. इतकी महागाची दवाई वाया कशी घालवू?” मॅडमनी कपाळावर हात मारला.

एक नवरा आला, पण हेल्मेट घालून. “काढा की!” “नको, ओळखीचं कोणी बघेल.” हेल्मेटच्या मागे त्याच्याच टेंट हाउसचं, मांडवाच्या दुकानाचं, नाव रंगवलेलं! बाकावरच्या बायका फस्सकन हसल्या आणि हा पाकीट न घेताच पळाला.

पण सगळ्यांवर कडी केली ललिताने. अन्नपूर्णा मंदिराच्या भागात राहते. एचआयव्हीची एक गोळी कधी चुकवली नाही, रक्तात विषाणू सापडत नाही इतकी छान तब्येत! तरी हा संसर्ग चौथ्यांदा. त्या दिवशी रडलीच. “मोठी बीमारी काबूत ठेवली ना मी, ताई? मग ही का पिच्छा सोडत नाही? हे बोलतात, मला तर काही होत नाही, गोळ्या कशाला!” मला इतका राग आला त्या माणसाचा!

मी म्हटलं, “दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत वेगळं झोपायचं.”

“वेगळं म्हणजे कुठे? खोली तर एकच आहे.”

“ते तुम्ही ठरवा.”

तिने डोळे पुसले, बाहेर गेली आणि बाकावरच्या बायकांना हे वेगळं झोपायचं सगळं स्वतःच सांगत बसली.

पुढच्या आठवड्यात कडाक्याची थंडी. सकाळी केंद्राचं दार उघडते तर समोर ललिताचा नवरा, शिंकतोय! “मॅडमजी, माझं पाकीट द्या! ही मला गच्चीवर झोपवते हो!”

मी पाकीट काढलं. तो मागे वळून म्हणाला, “या भिया, लाइनीत या.”

मागे मफलर गुंडाळलेले आणखी तीन नवरे उभे होते. एकाच्या डोक्यावर हेल्मेट होतं.